घर, सामान आणि उंबरठा : तंजावरच्या कौटुंबिक जीवनातील विषमता

एखाद्या समाजाची ओळख करून घेण्याचे अनेक मार्ग आहेत. राजांच्या वंशावळी, जमिनीच्या सनदा, देवळांच्या भिंतींवरील लेख ही त्यांतील परिचित साधने होत. घर आणि घरातील सामान हे त्या मानाने दुर्लक्षित राहिलेले साधन आहे. घरात कोण कुठे बसतो, कोणती वस्तू दर्शनी भागात मांडली जाते आणि कोणती आत ठेवली जाते, आलेल्या माणसाला चटई मिळते की खुर्ची, आणि कोणाला दारातूनच परत फिरावे लागते, या साध्या बाबींवरून त्या समाजातील नातेसंबंधांची कल्पना येऊ शकते. तमिळनाडूतील तंजावर हा प्रदेश अशा अभ्यासाला विशेष अनुकूल आहे. येथे एकाच नदीच्या पाण्यावर पोसलेल्या, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वस्त्यांत अत्यंत भिन्न प्रकारची घरे शतकानुशतके नांदत आली. शिवाय मराठी वाचकाला या प्रदेशाविषयी एक वेगळी आपुलकी आहे, कारण या घरांपैकी काहींत आजही मराठी बोलली जाते.

प्रदेश आणि लोक

कावेरी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांत विभागली जाते. या फाट्यांनी तयार केलेला सपाट, सुपीक प्रदेश म्हणजे तंजावरचा त्रिभुज प्रदेश. भात हे येथील मुख्य पीक. चोळांनंतर येथे नायकांची सत्ता आली आणि १६७५-७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर ताब्यात घेतले. भोसल्यांचे हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले वंशाच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे ही त्या कालखंडाची साक्ष देतात.

राज्यकर्त्यांबरोबर शिपाई, कारकून, पुरोहित, कीर्तनकार आणि पंडित अशी नाना प्रकारची मराठी कुटुंबे कावेरीकाठी येऊन स्थायिक झाली. त्यांतील देशस्थ ब्राह्मणांना तमिळ लोक ‘रायर’ म्हणून ओळखतात. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि पूजेत संस्कृत अशी त्यांची त्रिविध रीत होती. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळले, तसेच तमिळ स्वयंपाकघरातही काही मराठी पदार्थ जाऊन बसले. पुरणपोळीची ‘बोळी’ झाली, आणि तमिळ भोजनातील ‘कोसुमल्ली’ ही आपल्या कोशिंबिरीचीच बहीण मानली जाते. घराच्या रचनेत मात्र या कुटुंबांनी तमिळ पद्धतच स्वीकारली. हवामान आणि बांधकामाचे साहित्य यांपुढे स्थलांतरितांच्या सवयींना नमते घ्यावे लागते, याचे हे एक उदाहरण होय.

अग्रहारातील घर

ब्राह्मणांच्या वस्तीला अग्रहार म्हणतात. सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी असतात. दोन घरांमधील भिंत बहुधा सामाईक असते. घराची रुंदी थोडी, परंतु खोली फार. पुढच्या दारातून पाहिले तर कित्येकदा थेट परसातील झाडे दिसतात.

रस्त्याला लागून ‘तिण्णै’ असते. आपल्याकडील ओसरी आणि ओटा यांच्यामधला हा प्रकार आहे. लाकडी खांबांवर तोललेल्या छपराखाली चुन्याने गुळगुळीत केलेला उंच कट्टा, आणि एका टोकाला डोके टेकण्यासाठी बांधून काढलेला उतार, असे तिचे स्वरूप असते. वाटसरूने येथे रात्र काढावी, पुरुषांनी संध्याकाळी गप्पा माराव्यात, मुलांनी पाढे म्हणावेत, अशी ही जागा. गावठी शाळांना तमिळमध्ये ‘तिण्णै पळ्ळिक्कूडम’ म्हणजे ओट्यावरची शाळा असेच नाव पडले होते. आपल्या पंतोजींच्या शाळेचे येथे सहज स्मरण होते.

तिण्णैच्या आत ‘रेळी’ नावाची अरुंद जागा, तिच्यापुढे ‘कूडम’ म्हणजे माजघर आणि त्याला लागून ‘मुट्रम’ म्हणजे उघडा चौक. पाऊस आणि प्रकाश या चौकातून घरात येतात. त्यापलीकडे स्वयंपाकघर, आणि शेवटी विहीर, गोठा व केळीची झाडे असलेले परस, म्हणजे ‘कोल्लै’. भात साठविण्यासाठी लाकडी कोठार असे. घरात ते किती मोठे आहे, यावरून त्या घराची जमीन किती हे पाहुण्याला न विचारताच समजे.

सामान थोडेच असे. कूडममध्ये पितळी कड्यांनी टांगलेला सागवानी झोपाळा, म्हणजे ‘ऊंजल’, हे घरातील सर्वांत मोठे आणि मानाचे आसन. लग्नात वधूवरांना झोपाळ्यावर बसवून स्त्रिया गाणी म्हणतात. एरवी दुपारी घरातील कर्ता पुरुष त्यावर पडून राही. झोपण्यासाठी कोरै गवताच्या चटया असत. त्या सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या की तीच खोली जेवणघर होई. उष्ण आणि दमट हवेत गादीपेक्षा चटई सुखाची, हे जसे खरे, तसेच ज्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली नाही तेथे सकाळी उचलून ठेवता येईल असेच अंथरूण सोयीचे, हेही खरे.

मात्र ही मोकळी दिसणारी जागा सर्वांना सारखी मोकळी नव्हती. पुढचा भाग पुरुषांचा आणि मागचा स्त्रियांचा, अशी अलिखित वाटणी होती. स्वयंपाकघरात सोवळ्याचा, तमिळमध्ये ‘मडि’चा, कडक नियम असे. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला परसाकडे वेगळे बसावे लागे. वैधव्य आलेल्या स्त्रीला तर घरातील मंगल प्रसंगी पुढच्या दालनात स्थानच नसे. ज्या झोपाळ्यावर तिला एकदा वधू म्हणून बसविले होते, त्यावर दुसऱ्या वधूला बसविताना तिने समोर येऊ नये, अशी अपेक्षा असे. वस्तू तीच राहते, पण तिच्याभोवतीचा अधिकार बदलतो, हे कुटुंबव्यवस्थेचा अभ्यास करताना ध्यानात ठेवावे लागते.

राजवाड्यातील खुर्ची

तंजावरच्या घरांत खुर्ची आणि मेज यांचा प्रवेश कसा झाला, याचा विचार करताना दुसऱ्या सरफोजींचा (राज्यकाल १७९८-१८३२) उल्लेख अपरिहार्य आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, ठराविक वार्षिक रक्कम आणि महसुलाचा एक पंचमांश एवढेच उरले. सत्ता गेल्यावर सरफोजींनी आपली बुद्धी आणि संपत्ती ग्रंथ, वैद्यक, संगीत, चित्रकला यांकडे वळविली. १८२६ साली त्यांना भेटलेले बिशप हेबर हे राजाच्या पाश्चात्त्य शास्त्रग्रंथांच्या परिचयाने चकित झाले होते. युरोपीय पुस्तकांबरोबर युरोपीय पद्धतीने बसणे-उठणेही राजवाड्यात आले, परंतु देवघर आणि पंगत यांच्या रीती कायम राहिल्या.

राजवाड्यातील वस्तूंची खरी कसोटी १८५५ मध्ये लागली. दुसरे शिवाजी पुत्राविना मरण पावले. कंपनीने राज्य खालसा केले, आणि त्याबरोबरच महालातील खाजगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. राज्य आणि घर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पतीचे दागिने, सामान आणि जमीन ही कुटुंबाची आहेत, असा त्यांच्या दाव्याचा मथितार्थ होता. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती राजसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तीत हात घालता येत नाही, असा निर्णय दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने राजस्त्रियांना मालमत्ता परत केली. जे न्यायालयात हक्क म्हणून मिळाले नाही, ते कृपा म्हणून मिळाले. अंतःपुरातील स्त्रियांनी घरच्या वस्तूंसाठी साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे, ही घटना त्या काळी सामान्य नव्हती.

दरबार संपल्यावर मराठी कुटुंबांना नवे आश्रयस्थान शोधावे लागले. इंग्रजी शिक्षणाने ते मिळवून दिले. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. अशा कर्तबगार पुरुषांच्या आणि त्यांच्या मागोमाग वकील, शिक्षक, कारकून झालेल्या शेकडो सामान्य कुटुंबांच्या घरांत मेज, खुर्ची आणि पुस्तकांचे कपाट आले. हे सामान बहुधा घराच्या पुढच्या भागातच थांबले. अशील खुर्चीवर बसे आणि घरातील मंडळी आत पाटावर जेवत.

देवघरातून दिवाणखान्यात

तंजावरच्या घराची कीर्ती दूरवर नेली ती येथील चित्रांनी. मराठा राजांच्या आश्रयाने या चित्रशैलीची भरभराट झाली. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवितात, त्यावर खडूची पूड व डिंक यांचा लेप देतात आणि त्याच मिश्रणाने दागिने, महिरपी, सिंहासन यांचा उठाव करतात. या उठावावर सोन्याचा वर्ख बसवितात आणि काचेचे खडे जडवितात. लोण्याचा गोळा हाती घेतलेला गुबगुबीत बाळकृष्ण आणि राम-पट्टाभिषेक हे त्यांतील आवडते विषय. मंद समईच्या प्रकाशात हा वर्ख जिवंत भासतो. या चित्रांचे मूळ स्थान अंधारे देवघर हेच होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती शहरी दिवाणखान्यांत आली. फणसाच्या फळीची जागा बहुधा प्लायवूडने घेतली. तांबे, पितळ व चांदी यांच्या मिलाफातून घडणाऱ्या तंजावरच्या शोभेच्या ताटाचीही हीच कथा. सन्मानाची भेट म्हणून ते देशभर जाते, पण त्यात कोणी जेवत नाही. मान डोलावणाऱ्या बाहुल्या मात्र आजही नवरात्रातील ‘कोलु’च्या पायऱ्यांवर घरोघर दिसतात. या कलाकृतींना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे. नावाचे संरक्षण झाले, तरी कारागिराच्या स्वतःच्या घरात सोन्याचा वर्ख क्वचितच दिसतो.

वधूचे सामान : चेट्टिनाड आणि फ्लॉरेन्स

तंजावरच्या दक्षिणेस चेट्टिनाडचा कोरडा प्रदेश लागतो. ब्रह्मदेश, मलाया आणि श्रीलंका येथे सावकारी व व्यापार करणाऱ्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी येथे प्रचंड वाडे बांधले. ब्रह्मदेशी सागाचे खांब, इटलीचा संगमरवर, बेल्जियमचे आरसे आणि आत्तंगुडी येथील रंगीत फरश्या त्यांत एकत्र आल्या. अग्रहारातील घर जमिनीच्या उत्पन्नावर उभे होते, तर हे वाडे समुद्रापारच्या पैशावर. छप्पर एक असले तरी प्रत्येक विवाहित मुलाची कोठी आणि चूल वेगळी असे. वधूबरोबर आलेली भांडी, वस्त्रे व डबे दालनात मांडून दाखविण्याची प्रथा होती, आणि ते सामान तिच्या कोठीत राही.

युरोपातही अशी प्रथा होती. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये वधूचे कपडे व चीजवस्तू ‘कासोने’ नावाच्या चित्रांकित पेटीत भरून पतीच्या घरी नेत. पेटी जितकी सुंदर तितकी दोन्ही कुळांची प्रतिष्ठा मोठी. फ्लॉरेन्सची पेटी आणि चेट्टिनाडची भांडी ही दोन्ही स्त्रीची मालमत्ता म्हणून दाखविली जात, परंतु त्यांच्या प्रदर्शनाने वाढे तो मान कुळाचा.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर चेट्टियारांच्या व्यापारावर मोठा आघात झाला. कित्येक वाडे ओस पडले. त्यांचे खांब, दरवाजे आणि आरसे कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आले व तेथून शहरांतील हॉटेलांत गेले.

चेरी : सामान नसलेले घर

येथवर वर्णन केलेल्या घरांत काही ना काही मांडण्यासारखे होते. तंजावरच्या निम्म्या सत्याचाच हा परिचय झाला. भाताच्या शेतापलीकडे, गावाच्या मुख्य वस्तीपासून दूर, ‘चेरी’ नावाची शेतमजुरांची वस्ती असे. पळ्ळर आणि परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातींची ही वस्ती. मातीच्या भिंती, झावळ्यांचे किंवा गवताचे छप्पर, वाकून आत शिरावे लागेल एवढे दार. आत चूल, मातीची मडकी, एखादी चटई आणि वलणीवर टाकलेली वस्त्रे. झोपडी ज्या जमिनीवर उभी असे तीही बहुधा जमीनदाराची. मालकाची मर्जी फिरली की घर गेले, अशी ही अवस्था होती.

कॅथलीन गॉफ यांनी १९५१ ते १९५३ या काळात आणि आंद्रे बेते यांनी १९६१-६२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील खेड्यांचा अभ्यास केला. बेते यांच्या ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ (१९६५) या ग्रंथात अग्रहार, ब्राह्मणेतरांचे रस्ते आणि चेरी या तीन वस्त्यांचे चित्र आले आहे. एकाच गावात ही तीन स्वतंत्र जगे होती. चेरीतील माणसाला अग्रहारात वावरण्याची मुभा नव्हती. मालकाकडे त्याचे काम असे ते परसदारी, आणि मालकासमोर त्याने उभेच राहावे असा दंडक होता. वाटसरूला निवारा देणारी तिण्णै त्याच्यासाठी नव्हती.

१९४३ पासून बी. श्रीनिवास राव यांनी या मजुरांची संघटना बांधली. चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजणे या शिक्षा बंद व्हाव्यात, ही त्या चळवळीची प्रमुख मागणी होती. १९५२ साली कुळे व सालदार मजूर यांना संरक्षण देणारा तंजावरपुरता कायदा झाला. परंतु २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे, मजुरीच्या वादातून जमीनदारांच्या माणसांनी चेरीवर हल्ला केला. जीव वाचविण्यासाठी एका लहानशा झोपडीत शिरलेल्या ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष ठरविले. घर म्हणजे निवारा, या शब्दाचा अर्थ त्या रात्री त्या झोपडीने खोटा ठरविला. विटांची भिंत आणि कौलारू छप्पर ही ऐषारामाची बाब नसून जिवाच्या सुरक्षिततेची बाब असू शकते, हे यानंतर वेगळे सांगण्याची गरज राहिली नाही.

माटेराची गुहाघरे

अशा प्रकारची विषमता केवळ भारतातच होती असे नाही. इटलीच्या उत्तरेकडील समृद्ध नगरे आणि दक्षिणेकडील दरिद्री खेडी यांत असेच अंतर होते. १९३५-३६ मध्ये फॅसिस्ट राजवटीने लुकानिया प्रांतात स्थानबद्ध केलेले लेखक व चित्रकार कार्लो लेव्ही यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील शेतकऱ्यांच्या एकखोली घरांचे वर्णन केले आहे. खोली व्यापून टाकणारा एक पलंग, त्यावर सारे कुटुंब, वर टांगलेल्या पाळण्यात तान्ही मुले आणि पलंगाखाली जनावरे, असा तो संसार होता. माटेरा येथे तर लोक डोंगरात कोरलेल्या गुहांत राहत. १९५२ साली, म्हणजे तंजावरचा कायदा झाला त्याच वर्षी, इटलीने ही गुहाघरे रिकामी करण्याचा कायदा केला आणि सुमारे १५,००० लोकांना टप्प्याटप्प्याने नव्या घरांत हलविले. १९९३ मध्ये त्याच गुहांचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. आता तेथे प्रवासी मुक्कामाला येतात. दारिद्र्य हलविल्यानंतर त्याच्या भिंतींना सौंदर्य प्राप्त होते, असा हा विलक्षण अनुभव आहे. चेरीतील मातीच्या झोपडीला मात्र असे भाग्य कधी लाभले नाही. ती पडली की तिची माती शेतात मिसळून जाते.

बदललेली घरे

तंजावरच्या खेड्यांतील चित्र नंतर पुष्कळ बदलले. १९७१ च्या कायद्याने शेतमजुरांना त्यांच्या झोपडीखालील जागेची मालकी दिली. कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन या सर्वोदयी दांपत्याने १९८१ साली ‘लाफ्टी’ ही संस्था स्थापून जमीन मिळविली आणि ती भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे केली. २०१० साली राज्य सरकारने झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधण्याची योजना आखली. सामानही सरकारी योजनांतून आले. २००६ नंतर रंगीत दूरचित्रवाणी संच आणि २०११ नंतर मिक्सर, ग्राइंडर व पंखा यांचे विनामूल्य वाटप झाले. यामागील राजकीय हेतूंविषयी मतभेद आहेत. परंतु पहाटे उठून पाट्यावर वाटण आणि दगडी रगड्यात इडलीचे पीठ वाटणाऱ्या स्त्रीचे श्रम त्यामुळे कमी झाले, ही गोष्ट त्या मतभेदांत विसरली जाऊ नये. याउलट नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ चक्रीवादळाने असंख्य घरांची छपरे उडविली, आणि ‘पक्के घर’ हे उद्दिष्ट अजून सर्वांपर्यंत पोहोचलेले नाही याची जाणीव करून दिली.

अग्रहारेही बदलली. तेथील बरीच कुटुंबे चेन्नई, मुंबई, बंगळूर किंवा परदेशी गेली. मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतील नव्या पिढीने सदनिकेत राहताना चौक आणि परस गमावले. तरीही अनेकांनी छताच्या कड्यांना झोपाळा टांगला आहे आणि भिंतीवर सोनेरी बाळकृष्ण लावला आहे. ज्या वस्तू एके काळी घराच्या रचनेचा अविभाज्य भाग होत्या, त्या आता घराच्या आठवणीचा भाग झाल्या आहेत.

सारांश, घरातील सामान हे केवळ संपत्तीचे किंवा अभिरुचीचे माप नव्हे. ते माणसांमधील अंतराचेही माप आहे. तंजावरच्या संदर्भात तर वस्तूंची यादी करण्यापेक्षा आणखी एक प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते : या घरात आलेल्या प्रत्येक माणसाला ‘बसा’ असे म्हटले जाते का? अग्रहाराच्या तिण्णैवर आणि चेरीतील नव्या सिमेंटच्या ओट्यावर या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी एकच मिळेल, त्या दिवशी या दोन घरांमधील शेताचे अंतर खऱ्या अर्थाने संपले असे म्हणता येईल.